काढून टाकण्याचे नियम : संगणकातील दुवे, निर्देशिका आणि पॅकेज-व्यवस्थापक

वस्तू घरात आणणे सोपे आणि ती घराबाहेर काढणे अवघड, हा संसारातील अनुभव संगणकालाही लागू पडतो. नवी आज्ञावली बसवताना काही फायली ठरलेल्या जागी नेऊन ठेवल्या की काम संपते. परंतु तीच आज्ञावली दोन वर्षांनी काढून टाकण्याची वेळ आली, म्हणजे अनेक प्रश्न एकदम उभे राहतात. तिच्या फायली कोणत्या? ज्या कप्प्यात त्या ठेवल्या तो कप्पा तिचाच होता, की इतरांचाही? मधल्या काळात मालकाने त्या कप्प्यात स्वतःचे काही ठेवले असेल तर त्याचे काय करायचे? आणि ज्याला आपण कप्पा समजत होतो तो कप्पा नसून दुसरीकडे बोट दाखवणारी नुसती पाटी निघाली तर?

या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम पॅकेज-व्यवस्थापक नावाची आज्ञावली करते. तिचे उत्तर चुकले तर परिणाम गंभीर होतात, कारण काढून टाकण्याची आज्ञा बहुधा यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालते आणि संगणक तिला सहसा अडवत नाही. माणसाने वर्षानुवर्षे जमवलेले लेखन, हिशेब व छायाचित्रे क्षणार्धात नाहीशी झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून या वरवर रुक्ष वाटणाऱ्या विषयाची ओळख सामान्य वाचकालाही असणे इष्ट आहे.

नाव आणि वस्तू

प्रथम काही मूलभूत कल्पना स्पष्ट केल्या पाहिजेत. संगणकाच्या डिस्कवरील माहिती फायलींच्या रूपाने साठवलेली असते. फायली ज्यात ठेवतात त्या कप्प्याला निर्देशिका म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच फोल्डर म्हणण्याचा प्रघात आहे. निर्देशिकेत फायली असतात, तशाच आणखी निर्देशिकाही असू शकतात. सर्वांत वरच्या निर्देशिकेला मूळ निर्देशिका म्हणतात आणि तिच्यापासून एखाद्या फायलीपर्यंत जाताना लागणाऱ्या नावांच्या साखळीला त्या फायलीचा मार्ग म्हणतात.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. तिच्या रचनेत नाव आणि वस्तू या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या गेल्या. निर्देशिकेत फायलीचे नाव व तिचा अंतर्गत क्रमांक एवढेच असते. प्रत्यक्ष फाइल अन्यत्र असते. एकाच माणसाला घरी बाळू आणि शाळेत बाळकृष्ण म्हणावे, त्याप्रमाणे एकाच फायलीला दोन नावे देता येतात. त्यांपैकी एक नाव पुसले तरी फाइल राहते. शेवटचे नाव पुसले, आणि कोणतीही चालू आज्ञावली ती फाइल वापरत नसली, म्हणजे फाइल नष्ट होते.

याहून निराळा प्रकार म्हणजे सांकेतिक दुवा. बर्कली येथील विद्यापीठातून १९८३ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीमुळे तो सर्वत्र रूढ झाला. सांकेतिक दुवा हे वस्तूचे दुसरे नाव नव्हे; ती एक पाटी आहे. तिच्यावर फक्त एक मार्ग लिहिलेला असतो. जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नर्मदेच्या काठी तिलवारा घाट आहे. शहरातील एखाद्या चौकात 'तिलवारा घाट' अशी बाण काढलेली पाटी लावली, तर ती पाटी म्हणजे घाट नव्हे. पाटी उखडून टाकली तरी घाटाची एक पायरीही हलत नाही. उलट, घाटच पाण्याखाली गेला तरी पाटी मुकाट्याने तिकडेच बाण दाखवत राहील. संगणकातही असेच घडते. लक्ष्य नाहीसे झाले आणि दुवा मागे राहिला, तर त्याला निराधार दुवा म्हणतात.

मात्र पाटी आणि संगणकातील दुवा यांत एक महत्त्वाचा फरक आहे. चौकातील पाटी वाचून माणसाला चालत जावे लागते. संगणकातील दुव्याला हात लावला की बहुतेक आज्ञा आपोआप लक्ष्याच्या ठिकाणी पोहोचतात. निर्देशिकेकडे नेणारा दुवा उघडला तर निर्देशिकाच उघडल्याचा भास होतो. ही सोय वाचताना उपकारक असते. पुसताना मात्र तीच घातक ठरते. 'हे काढून टाक' अशी आज्ञा मिळाली असता पाटी काढायची की पाटी जिकडे दाखवते ते ठिकाण उद्ध्वस्त करायचे, हा तो प्रश्न होय. युनिक्समधील पुसण्याची मूलभूत आज्ञा पाटीच काढते. परंतु दुव्याच्या नावापुढे एक तिरकी रेघ जोडली, तर अनेक आज्ञा त्याचा अर्थ 'दुव्यापलीकडील निर्देशिका' असा घेतात. अशा एका रेघेवर कित्येकदा सर्व काही अवलंबून असते.

यादीचे महत्त्व

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा प्रसार १९९० नंतरच्या दशकात सुरू झाला. तिच्या वितरणांत शेकडो, पुढे हजारो आज्ञावली असत. प्रत्येकीच्या फायली हाताने बसवणे व हाताने काढणे अशक्य झाले. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन या वितरणाची घोषणा केली आणि लवकरच त्यासाठी डीपीकेजी हा पॅकेज-व्यवस्थापक तयार झाला. रेड हॅट या कंपनीच्या वितरणासाठी आरपीएम हा दुसरा व्यवस्थापक निर्माण झाला. आजही लिनक्सच्या जगात हे दोन घराणे प्रमुख आहेत. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवर आधारलेली असल्यामुळे तेथे डीपीकेजीचेच नियम चालतात.

दोन्ही व्यवस्थापकांचे मूळ तत्त्व एकच आहे. प्रत्येक पॅकेज आपल्यासोबत फायलींची यादी घेऊन येते आणि व्यवस्थापक ती यादी जपून ठेवतो. पॅकेज काढताना तो डिस्कवर काय दिसते याचा अंदाज बांधत नाही. यादीत जे लिहिले आहे तेवढेच उचलतो.

मराठी वाचकाच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. रेड हॅटने २००४ साली 'लोहित' ही भारतीय लिप्यांसाठीची टंकमालिका, म्हणजे फाँटची मालिका, मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिली. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांनी देवनागरी अक्षरे प्रथम या टंकात पाहिली असतील. डेबियनमध्ये देवनागरी लोहितचे स्वतंत्र पॅकेज आहे. त्यातील मुख्य टंक-फाइल एकच. परंतु ती जेथे ठेवली जाते तो मार्ग बराच लांब आहे. मूळ निर्देशिकेत 'यूएसआर', तिच्यात 'शेअर', तिच्यात 'फाँट्स', तिच्यात 'ट्रूटाइप' आणि सर्वांत आत 'लोहित-देवनागरी'. पॅकेजच्या यादीत टंक-फायलीबरोबर या पाचही निर्देशिकांची नावे असतात, कारण त्या नसत्या तर पॅकेजला त्या निर्माण कराव्या लागल्या असत्या.

आता हे पॅकेज काढायचे आहे. यादीत 'यूएसआर' हे नाव आहे म्हणून व्यवस्थापकाने ती निर्देशिका पुसली, तर जवळजवळ संपूर्ण कार्यप्रणालीच नाहीशी होईल. यादी आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही, हे येथे दिसून येते.

निर्देशिकेचा मालक कोण?

फायलीचा मालक एक असतो. निर्देशिकेचे मालक अनेक असू शकतात. घाटावरील धर्मशाळेत अनेक यात्रेकरू उतरतात. निघताना प्रत्येक जण आपले बोचके उचलतो. खोली पाडून जात नाही. सर्व यात्रेकरू गेल्यावर रिकाम्या खोलीला कुलूप लावावे, एवढेच उचित असते.

डीपीकेजी नेमके हेच करतो. तो यादी उलट्या क्रमाने, म्हणजे सर्वांत आतल्या फायलीपासून बाहेरच्या दिशेने वाचतो. फाइल आली की ती पुसतो. निर्देशिका आली की प्रथम पाहतो, की अन्य एखाद्या पॅकेजच्या यादीत हिचे नाव आहे काय. असल्यास तिला हात लावत नाही. नसल्यास ती पुसण्याचा यत्न करतो, परंतु त्यासाठी जी आज्ञा वापरतो ती मुद्दाम दुबळी निवडलेली आहे. ही आज्ञा फक्त रिकामी निर्देशिका पुसू शकते. आत एक जरी फाइल असली तरी कार्यप्रणाली नकार देते. तसा नकार मिळाला की डीपीकेजी बळजबरी करीत नाही. 'निर्देशिका रिकामी नसल्यामुळे काढली नाही' अशी सूचना देऊन तो पुढे जातो.

ही सूचना वाचून अनेक जण गोंधळतात आणि काहीतरी बिघडले असे समजतात. वस्तुतः ती व्यवस्थेच्या सावधपणाची खूण असते. २०१८ च्या सुमारास टंकांची नोंद ठेवणाऱ्या 'फाँटकॉन्फिग' या आज्ञावलीच्या एका आवृत्तीने प्रत्येक टंक-निर्देशिकेत ओळखक्रमांकाची एक लपलेली फाइल लिहिण्यास सुरुवात केली. ही फाइल कोणत्याच पॅकेजच्या यादीत नव्हती. परिणामी टंकांची पॅकेजे काढताना त्यांच्या निर्देशिका रिकाम्या होईनात आणि वरील सूचना वारंवार दिसू लागल्या. पुढील आवृत्त्यांत ही पद्धत सोडून देण्यात आली. यात कोणाचे नुकसान झाले नाही. काही ओसाड निर्देशिका तेवढ्या मागे राहिल्या. व्यवस्थापकाने अनोळखी फाइल पाहून 'ही कोणाची का असेना, पुसून टाकू' असे धोरण ठेवले असते, तर अन्य प्रसंगी त्याच धोरणाने मालकाचे काम पुसले असते.

जुळणीच्या फायलींनाही असाच मान दिला जातो. मालकाने आपल्या आवडीनुसार बदललेली जुळणी डीपीकेजी सामान्य रीतीने पॅकेज काढताना ठेवून देतो; समूळ काढण्याची वेगळी आज्ञा दिली तरच ती पुसतो.

आरपीएमची भूमिका काहीशी निराळी आहे. तेथे निर्देशिका आपली आहे असे पॅकेजकर्त्याने स्पष्ट जाहीर करावे लागते. ते राहून गेले तर पॅकेज गेल्यावर रिकामी निर्देशिका कायमची मागे राहते. म्हणून फेडोरा या वितरणाच्या नियमावलीत पॅकेजने स्वतः निर्माण केलेल्या निर्देशिकांची मालकी घेतलीच पाहिजे, असा दंडक आहे.

दुवा आडवा येतो तेव्हा

आतापर्यंतचे विवेचन दुवे नाहीत असे गृहीत धरून झाले. दुवे आले की त्यांचे तीन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात.

पहिला प्रकार म्हणजे पॅकेजने स्वतः आणलेला दुवा. तो यादीत असतो आणि पॅकेज जाताना तोही जातो. लक्ष्याला धक्का लागत नाही. अनेक पॅकेजे एकाच कामासाठी उपलब्ध असतील तेव्हा डेबियन एक युक्ती योजतो. उदाहरणार्थ, 'एडिटर' हे सामान्य नाव एका मधल्या दुव्याकडे दाखवते आणि तो मधला दुवा प्रत्यक्ष निवडलेल्या संपादकाकडे. निवडलेला संपादक काढताना पॅकेजसोबत आलेली छोटी आज्ञा मधला दुवा उरलेल्या पर्यायाकडे वळवते. तसे केले नाही तर दुवा निराधार होईल आणि दुसरा संपादक यंत्रावर असूनही तो सापडणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मालकाने केलेला दुवा. अशी कल्पना करावी, की तिलवाऱ्यासारख्या ठिकाणच्या एका लहान वाचनालयात जुना संगणक आहे. त्याची डिस्क भरत आली. व्यवस्था पाहणाऱ्याने 'फाँट्स' ही निर्देशिका उचलून दुसऱ्या मोठ्या डिस्कवर नेली आणि जुन्या जागी तिकडे नेणारा दुवा ठेवला. लोहितच्या यादीत मात्र अजूनही 'फाँट्स' ही निर्देशिका म्हणूनच लिहिलेली आहे. कागद एक सांगतो आणि वस्तुस्थिती दुसरी.

डेबियनच्या धोरण-ग्रंथात अशा प्रसंगाविषयी स्पष्ट नियम आहे. पॅकेज अद्ययावत करताना व्यवस्थापक निर्देशिकेच्या जागी निर्देशिकेकडे नेणारा दुवा ठेवणार नाही आणि दुव्याच्या जागी निर्देशिकाही ठेवणार नाही. जे आहे ते तसेच राहील आणि दुवा असल्यास त्यामागून तो जाईल. त्यामुळे वाचनालयातील संगणकावर नवा टंक बसवला तर तो निमूटपणे मोठ्या डिस्कवर जाऊन पडतो. लोहित काढले तर त्याची टंक-फाइल दुव्यापलीकडून अचूक पुसली जाते. 'फाँट्स' हे नाव इतर टंक-पॅकेजांच्या यादीतही असल्यामुळे दुवा शाबूत राहतो. निर्देशिका असो वा तिच्याकडे नेणारा दुवा, आपण तिचे एकमेव उपभोक्ते असू तरच ती काढावी, हा डीपीकेजीचा दंडक आहे. आणि एकमेव असला तरी तो दुवा तेवढा काढतो. पलीकडील निर्देशिका आतल्या साऱ्या वस्तूंसह पुसत बसत नाही.

या उदार नियमाची एक किंमत आहे. पॅकेजकर्त्यालाच पुढे निर्देशिकेऐवजी दुवा द्यावासा वाटला, तर डीपीकेजी ते आपण होऊन करणार नाही. पॅकेजकर्त्याला त्यासाठी खास साहाय्यक आज्ञा वापरावी लागते. आरपीएममध्येही निर्देशिकेच्या जागी दुवा बसवण्याचा यत्न सरळ अपयशी होतो आणि त्यासाठी पूर्वतयारीची वेगळी आज्ञा लिहावी लागते.

दुव्यामागून जाण्यात सुरक्षिततेचाही धोका आहे. मार्गातील एखादी निर्देशिका सामान्य वापरकर्त्याच्या ताब्यात असेल, तर तो तिच्या जागी गुपचूप दुवा ठेवून सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने चालणाऱ्या व्यवस्थापकाला भलत्याच ठिकाणी नेऊ शकतो. आरपीएममधील अशा स्वरूपाचा दोष २०१७ साली नोंदवला गेला. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, आणि २०२२ मधील ४.१८ या आवृत्तीत मार्गातील प्रत्येक दुवा कोणाचा आहे हे तपासण्याची व्यवस्था आली.

तीन अपघात

या नियमांचे महत्त्व ते मोडल्यावर काय होते यावरून अधिक स्पष्ट होईल.

१९९८ च्या अखेरीस बंजी या अमेरिकन कंपनीचा 'मिथ २' हा खेळ बाजारात जाण्याच्या बेतात होता. त्याच्या विंडोज आवृत्तीतील काढून टाकणारी आज्ञावली यादी पाहत नसे. ज्या निर्देशिकेत खेळ बसवला ती संपूर्ण निर्देशिका पुसत असे. कोणी खेळ डिस्कच्या मूळ निर्देशिकेतच बसवला असेल तर तिच्यासह सारी डिस्क साफ होई. दोष ऐन वेळी लक्षात आला आणि कंपनीला तयार तबकड्या परत घ्याव्या लागल्या.

२०११ साली 'बंबलबी' या लिनक्स प्रकल्पाच्या स्थापना-आज्ञेत एका लांब मार्गाच्या मधोमध एक रिकामी जागा पडली. लिहिणाऱ्याला 'यूएसआर'मधील खोलवरची एक वस्तू काढायची होती; संगणकाने त्या रिकाम्या जागेमुळे दोन वेगळी नावे वाचली आणि पहिले नाव होते 'यूएसआर'. येथे दुबळी आज्ञा वापरली असती, तर निर्देशिका रिकामी नाही म्हणून नकार मिळाला असता. वापरली गेली ती आतल्या सर्व वस्तूंसह, न विचारता पुसणारी आज्ञा.

जानेवारी २०१५ मधील तिसरा प्रसंग दुव्यांशी थेट संबंधित आहे. लिनक्सवरील 'स्टीम' या खेळ-वितरण आज्ञावलीच्या एका वापरकर्त्याने तिची निर्देशिका दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी दुवा ठेवल्याचे कळवले. आपल्या कल्पित वाचनालयाने केले तेच त्याने केले होते. आज्ञावली सुरू होताना तिला स्वतःचे ठिकाण ठरवता आले नाही आणि ते साठवण्याची जागा कोरी राहिली. पुढे 'त्या ठिकाणातील सर्व पुसा' अशी आज्ञा होती. ठिकाणाचे नावच कोरे असल्यामुळे तिचा अर्थ 'मूळ निर्देशिकेतील सर्व पुसा' असा झाला. त्या वापरकर्त्याला पुसण्याचा अधिकार असलेली प्रत्येक फाइल गेली. सुरक्षिततेसाठी प्रती ठेवलेली बाहेरची डिस्क त्याच वेळी जोडलेली होती. तिच्यावरील फायलीही गेल्या. कंपनीने नंतर दोष दुरुस्त केला.

तिन्ही प्रसंगांत कारण एकच दिसते. या आज्ञावलींनी स्वतःच्या वस्तूंची यादी वाचली नाही. एका ठिकाणाचे नाव घेतले आणि तेथे जे असेल ते आपलेच, असे मानले.

पाटीखाली हरवलेली फाइल

तिसऱ्या प्रकारचा दुवा सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण तो खुद्द वितरणानेच केलेला असतो. युनिक्समध्ये फार जुन्या काळापासून आज्ञांसाठी दोन निर्देशिका होत्या. एक मूळ निर्देशिकेतील 'बिन' आणि दुसरी 'यूएसआर'मधील 'बिन'. सुरुवातीची डिस्क अपुरी पडल्यामुळे उरलेला भाग दुसऱ्या डिस्कवर न्यावा लागला आणि ही विभागणी झाली, असे सांगितले जाते. मोठ्या डिस्कच्या युगात ती निरर्थक ठरली. २०१२ साली फेडोराच्या सतराव्या आवृत्तीने सर्व फायली 'यूएसआर'खाली आणल्या आणि जुन्या 'बिन' व 'लिब' यांच्या जागी दुवे ठेवले. डेबियननेही ही दिशा धरली. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तेथे ही रचना अनिवार्य झाली.

परंतु डीपीकेजी यादीतील मार्ग अक्षरशः वाचतो. 'लिब'मधील फाइल आणि 'यूएसआर'च्या 'लिब'मधील फाइल त्याच्या लेखी दोन निराळ्या वस्तू होत. दुव्यामुळे त्या एकच झाल्या आहेत याची त्याला कल्पना नसते. समजा, पहिल्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीत एक फाइल 'लिब'मध्ये होती. पुढे ती दुसऱ्या पॅकेजकडे सोपवली गेली आणि त्याने ती 'यूएसआर'च्या 'लिब'मध्ये ठेवली. दुसरे पॅकेज आधी बसले. नावे वेगळी असल्याने संघर्ष दिसला नाही आणि फाइल जागेवर आली. नंतर पहिले पॅकेज अद्ययावत झाले. त्याच्या जुन्या यादीत 'लिब'मधील फाइल आहे, नव्या यादीत नाही. तेव्हा डीपीकेजीने नियमाप्रमाणे ती पुसली. प्रत्यक्षात जी पुसली गेली ती दुसऱ्या पॅकेजची ताजी फाइल होती. कोणतीही चूक नोंदली गेली नाही, आणि फाइल मात्र नाहीशी झाली.

प्रामाणिकपणे यादी पाळणारा व्यवस्थापकही फसू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. यादी नावांची असते, पुसली जाते ती वस्तू. एका वस्तूला नकळत दोन नावे मिळाली की यादीचा आधार निखळतो. डेबियनच्या तांत्रिक समितीने २०२१ साली अशी स्थलांतरे तूर्त थांबवण्याचा सल्ला दिला. पुढे धोक्याचे प्रकार एकेक करून तपासून उपाय ठरवण्यात आले, बंदी उठली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपर्यंत फायली खऱ्या ठिकाणी नेण्याचे काम मुख्यत्वे पार पडले. यादीतील नाव आणि प्रत्यक्ष जागा पुन्हा एक करणे, हाच त्यावरील टिकाऊ उपाय ठरला.

वेगळ्या वाटा

काहींनी प्रश्नाचे स्वरूपच पालटण्याचा यत्न केला. ग्नू प्रकल्पातील 'स्टो' या साधनात प्रत्येक पॅकेज आपल्या स्वतंत्र निर्देशिकेत राहते आणि सामाईक जागेत फक्त त्याचे दुवे असतात. सामाईक जागेतील एखादी निर्देशिका एकाच पॅकेजची असेल, तर संपूर्ण निर्देशिकेऐवजी एकच दुवा ठेवला जातो. दुसरे पॅकेज तेथे आले की तो दुवा उलगडून खरी निर्देशिका केली जाते आणि आत दोघांचे दुवे मांडले जातात. काढताना केवळ दुवे काढायचे असतात. मॅक संगणकांवर २००९ पासून लोकप्रिय झालेले 'होमब्रू' याच विचाराचे आहे.

नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी विकसित केलेली 'निक्स' ही व्यवस्था आणखी पुढे गेली. तेथे प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक आवृत्तीची निर्देशिका वेगळी असते आणि ती बसवल्यावर बदलत नाही. पॅकेज 'काढणे' म्हणजे त्याच्याकडे दाखवणारा दुवा काढणे. ज्या निर्देशिकेकडे कोणताही जिवंत संदर्भ उरला नाही ती नंतर सवडीने झाडली जाते. मालकी वाटून घेण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. मात्र त्यासाठी डिस्कवरील जागा अधिक लागते.

वापरकर्त्याने काय करावे?

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. पॅकेज-व्यवस्थापकाने बसवलेली वस्तू त्याच्याच हातून काढावी. फायली स्वतः पुसू नयेत, कारण मग यादी खोटी होते. 'निर्देशिका रिकामी नाही' अशी सूचना आल्यास आत काय आहे ते उघडून पाहावे. ती फाइल बहुधा आपलीच असते. डिस्क अपुरी पडल्यामुळे निर्देशिका हलवायची असेल, तर दुव्याऐवजी दुसरी जागा त्याच मार्गावर थेट जोडण्याची सोय लिनक्समध्ये आहे, ती वापरावी. अशी जोडलेली निर्देशिका पुसण्यास कार्यप्रणाली स्वतःच नकार देते. व्यवस्थापकाबाहेरून आलेल्या आज्ञावलीने काढून टाकण्यासाठी स्वतःची आज्ञा दिली असेल, तर ती यादी वाचते की सरसकट निर्देशिका पुसते, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत अशा डिस्कवर असावी, जी प्रत उतरवून झाल्यावर संगणकापासून वेगळी करून ठेवलेली आहे. व्यवस्थापकाचे नियम कितीही काटेकोर असले तरी ते यंत्राला जोडलेल्या वस्तूंवरच चालतात. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत कोणताही दुवा पोहोचत नाही.